पट्टी बांधण्याआधी पायावरून हात फिरव

पत्र: डॉक्टर काका, मी लोहा तालुक्यातला, वय २४. यंदा माळेगावच्या यात्रेत एक घोडी घेतली. लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायचा विचार आहे. घोडी गुणी आहे, पण सकाळी बघावं तर मागचे दोन्ही पाय भरलेले असतात. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, रात्री पट्ट्या आवळून बांधत जा, पायात ताकद राहते. मेडिकलमधून क्रेप बँडेज आणले आणि नुसत्या पायावर गुंडाळले. सकाळी सोडले तर दोरीनं आवळल्यासारखे वळ उठलेले आणि पट्टीच्या वरच्या अंगाला सूज. लई घाबरलो. पट्टी बांधायची बरोबर रीत कोणती? वरातीत बांधावी का? टेम्पोतून नेताना काय करावं? घरचे म्हणायलेत, घोड्याचा धंदा आपल्याला जमायचा नाही.

उत्तर:

तू सकाळी पट्टी सोडून पाहिलंस आणि घाबरलास, हे चांगलं झालं. पाहून पुन्हा तशीच बांधणारी माणसं मी खूप पाहिली आहेत.

आधी आजचं काम. पट्ट्या बाजूला ठेव. विहिरीच्या किंवा बोअरच्या गार पाण्याची धार दोन्ही पायांवर १५ ते २० मिनिटं सोड, दिवसातून दोनदा. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून लाव, थेट कातडीवर धरू नकोस. हळद-चुना, गरम तेल, झोंबणारं मलम यातलं काही लावू नकोस. मग पाय कोरडा करून नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या, मागच्या बाजूनं अंगठा आणि दोन बोटांनी वरपासून खाली हलकं दाबत जा. दोन्ही पाय सारखे लागतात का, कुठे गरम लागतं का, एखाद्या जागी दाबलं की घोडी पाय झटकते का, हे बघ. मागच्या कडेची सरळ रेघ बाजूनं पाहिल्यावर धनुष्यासारखी बाहेर फुगलेली दिसली, किंवा घोडी त्या पायावर भार द्यायला कचरत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरला बोलाव आणि तोवर तिला चालवू नकोस. १९६२ या टोल फ्री नंबरवर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. सोनोग्राफीची गरज पडली तर परभणी आणि उदगीर इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं तुला जवळ आहेत, तिथे विचार. आणि वळ उठलेल्या जागी कातडी फाटली असेल, कितीही बारीक, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं आजच विचार. धनुर्वात घोड्याला फार लवकर धरतो आणि एकदा धरला की वाचवणं अवघड असतं.

आता हे वळ का उठले ते समजून घे, कारण ते कळलं की निम्मी रीत तुझी तुलाच सुचेल. घोड्याच्या गुडघ्याखाली, आणि मागच्या पायात त्याच जागच्या सांध्याखाली, मांस नसतं. आपल्या पोटरीला असतो तसा मांसल भाग तिथे नाही. नळीचं हाड, तिच्या मागे दोन कंडरा, त्यांच्या आणि हाडाच्या मधे एक मजबूत बंध, आणि वर कातडी. कंडरा म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट नस म्हणतात तो दोर. मोटेचा नाडा तू पाहिला नसशील. बैल उतारावर ओढायचे आणि विहिरीतली मोट वर यायची, मधे नुसता नाडा. घोड्याचं तसंच आहे. ओढणारं मांस वर, हलणारा खूर खाली आणि मधे कंडरा. तिला रक्तपुरवठा मुळात कमी, म्हणून ती दुखावली तर भरून यायला महिने लागतात, आणि भरून आली तरी पहिल्यासारखी लवचीक होत नाही. तू क्रेपची पट्टी मधे काही न घालता या दोरावर ताणून बसवलीस. पट्टीच्या प्रत्येक फेऱ्याची कड कंडरेत रुतली. रात्रभर घोडी उभी राहिली, खालचा द्रव वर सरकायला वाट नाही, म्हणून पट्टीच्या वर सूज.

विकणारा म्हणाला ताकद राहते. हे मी तुला ठामपणे सांगतो, पट्टीनं पायात ताकद येत नाही. भरधाव पळताना घोड्याच्या एका पुढच्या पायावर क्षणभर त्याच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. घोडी ४०० किलोची धरली तरी १० क्विंटल झाले. सोयाबीनची १० क्विंटलची थप्पी एका पायावर उभी आहे आणि तिला आधार कशाचा, तर क्रेपच्या कापडाचा, असं चित्र डोळ्यापुढे आण. पट्टीचे खरे उपयोग मोजके आहेत. जखमेचं ड्रेसिंग जागेवर राहावं म्हणून, सूज डॉक्टरांनी बघून दाबायला सांगितली म्हणून, आणि गाडीत ठोकर लागू नये म्हणून.

तुझ्या घोडीचे मागचे दोन्ही पाय सारखेच भरतात, सकाळी भरतात. तू लिहिलेलं नाहीस, पण माझा अंदाज असा की ती रात्रभर आखूड दोरावर, आगाडी-पिछाडी लावून एका जागी उभी असते. चालताना खूर जमिनीवर दाबला-उचलला जातो त्यानं पायातलं रक्त आणि द्रव वर ढकलला जातो. उभं ठेवलं की तो खाली साचतो. ही सूज गार असते, दुखत नाही, बोट दाबलं तर खळगा पडतो, आणि अर्धा तास चालवलं की ओसरते. उद्या सकाळी चालवून बघ. ओसरली तर तुला पट्टीची नाही, जागेची गरज आहे. गोठ्याच्या बाजूला कुंपण घालून मोकळं सोडता येईल एवढी जागा कर. ते जमेपर्यंत सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास हातात धरून फिरव. काम नसलेल्या दिवसांत हरभरा कमी कर, कडबा आणि गवत भरपूर दे. आणि सूज कधी एकाच पायाला आली, गरम लागली, किंवा सोबत ताप दिसला, तर ती उभं राहण्याची सूज नव्हे. घोड्याचं अंग साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असतं. थर्मामीटर घरात ठेव.

तरीही रीत शिकून घे. जखम कधी होईल सांगता येत नाही, आणि तेव्हा रात्री कंदिलापुढे शिकायला बसू नये.

मी नोकरीत नवा होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. मेंढपाळांच्या एका बिऱ्हाडाचा घोडा तारेत अडकून पुढच्या पायाला फाडून घेऊन आला. जखम मी मन लावून धुतली, औषध लावलं. पेटीत कापूस थोडाच उरला होता, तो जखमेवर ठेवला आणि बाकीच्या पायावर नुसती पट्टी घट्ट गुंडाळली. सुटू नये, या एकाच काळजीनं. तीन दिवसांनी दाखवा म्हणालो. त्यांनी माझा शब्द पाळला, तीन दिवस पट्टीला हात लावला नाही. मी सोडली तेव्हा तारेची जखम छान सुकत आली होती, पण नळीच्या मागे, जिथे काहीच झालं नव्हतं, तिथे बोटभर रुंदीची कातडी मेली होती. ती माझ्या पट्टीनं मारली होती. ती भरायला मूळ जखमेपेक्षा किती तरी जास्त दिवस गेले आणि तिथे पांढऱ्या केसांचा पट्टा कायमचा उमटला. पुढे काही वर्षं ते बिऱ्हाड आमच्या भागातून जायचं. घोडा लांबून दिसला की माझी नजर आधी त्या पट्ट्यावर जायची. त्या घरच्या म्हातारीनं मला कधी बोल लावला नाही. मला ते आजही लागतं.

म्हणून पहिली गोष्ट गादी. नुसत्या पायावर पट्टी कधीच नाही. मेडिकलमधला कापसाचा मोठा रोल चालतो, पण तो चुरगळतो, गोळे होतात. रोजच्या वापराला घरी शिवून घेतलेली गादी उत्तम. तुमच्या घरात वाकळ शिवणारं कुणी असेलच. त्यांना सांग, मऊ सुती कापडात नवा कापूस सारखा पसरून, दाबल्यावरही बोटभर जाडी राहील अशी चौकोनी गादी हवी. लांबी सुमारे ७५ सेंटिमीटर. उंची मोजून घे, गुडघ्याच्या जरा खालपासून खुराच्या वरच्या सांध्याच्या खालपर्यंत, साधारण ३० ते ३५ सेंटिमीटर भरेल. टाके बारीक आणि सपाट हवेत. वाकळीच्या काठाला असतो तसा जाड शिवणीचा गोट नको, तीच कड पायात रुतते. पट्टी १० ते १५ सेंटिमीटर रुंदीची. १५ सेंटिमीटरचं क्रेप गादीवरून चालेल. अरुंद पट्टी, साडीचा काठ, सायकलच्या ट्यूबची पट्टी, सुतळी, यातलं काहीही नको. जितकी पट्टी अरुंद तितकी ती दोरासारखी कापते.

पाय खरारा करून, पुसून, पूर्ण कोरडा. हे घाईत सुटतं. आपल्याकडे गोखरू पायाच्या केसांत अडकलेलं असतं. एक काटा पट्टीखाली राहिला तर रात्रभरात फोड उठवतो. पायावरून तळहात उलटा-सुलटा फिरवून खात्री कर. कुठलं औषध लावायचं असेल तर पट्टीखाली चालेल का, हे डॉक्टरला विचार. उघड्या पायावर सोसणारं मलम झाकल्यावर भाजतं. हळद-चुन्यावर पट्टी बांधून सोललेले पाय मी पाहिले आहेत.

घोडी चारही पायांवर सरळ उभी हवी. तोंडाशी कुणी तरी ओळखीचं माणूस धरून उभं राहू दे, खुंट्याला आखूड बांधून नको. तू पायाच्या बाजूला उकिडवा बस, समोर नाही, मागे तर मुळीच नाही. गुडघे टेकू नकोस, मांडी घालू नकोस. ती बिचकली तर एका क्षणात उठून बाजूला होता आलं पाहिजे. मागच्या पायाशी बसताना आधी पाठीवरून, मग पुठ्ठ्यावरून, मग मांडीवरून हात खाली आण. तुझा हात कुठे आहे हे तिला कळत राहू दे.

गादी गुंडाळायला सुरुवात कर ती अशी, की तिची कड नळीच्या बाजूला हाडावर येईल, मागच्या कंडरेवर येणार नाही. गादीला सुरकुती नको. दिशा लक्षात ठेवायला सोपी आहे, डावा पाय असो की उजवा: पुढून बाहेर, बाहेरून मागे, मागून आत. गादी आणि पट्टी दोन्ही एकाच दिशेनं. जुन्या माणसांचा या दिशेवर फार जोर असतो आणि मी स्वतः तीच पाळतो, पण खरं सांगायचं तर दिशेपेक्षा दाब सगळीकडे सारखा असणं जास्त मोलाचं आहे.

पट्टीचं टोक नळीच्या मध्यावर, बाजूला, गादीच्या कडेखाली खोच. तिथून फेरे देत खाली जा. प्रत्येक फेऱ्यानं आधीच्या फेऱ्याचा अर्धा भाग झाकला पाहिजे. खुराच्या वरच्या सांध्याला खालून आधार देईल इतकं उतर, मग वर ये, गुडघ्याच्या खाली थांब, आणि पुन्हा मधे येऊन संपव. वर आणि खाली गादीचा बोटभर काठ उघडा दिसला पाहिजे. पट्टीची कड कातडीला कुठेही लागता कामा नये. ओढ द्यायची ती पट्टी पुढच्या हाडावरून जात असताना, कारण हाड ती सोसतं. मागून कंडरेवरून जाताना पट्टी नुसती सरकू दे, तिथे हिसका नको. क्रेप जितकी ताणते त्याच्या निम्मीच ताण, आणि पहिल्या फेऱ्याला जेवढी ताणलीस तेवढीच शेवटच्याला. शेवट पायाच्या बाहेरच्या अंगाला. आत केलास तर दुसऱ्या पायाच्या खुरानं सुटतो, मागे केलास तर चिकटपट्टीचा दाब कंडरेवर येतो. वरून लावायची चिकटपट्टी पायाभोवती कडं करून आवळू नकोस, तिरकी लाव. गाठ मारायची नाही. मग वरच्या काठातून आणि खालच्या काठातून एक बोट घालून बघ. जरा प्रयत्नानं बोट गेलं पाहिजे. दोन बोटं सहज गेली तर पट्टी घसरेल, आणि घसरून गोळा झालेली पट्टी आवळलेल्या पट्टीइतकीच वाईट.

एका पायाला जखम असेल तर डॉक्टरला विचारून त्याच जोडीतल्या दुसऱ्या पायालाही गादी-पट्टी कर. दुखऱ्या पायाचा भार तो उचलत असतो. गुडघ्यावर किंवा मागच्या पायाच्या वरच्या सांध्यावर मात्र स्वतः बांधू नकोस. तिथे हाडांची टोकं कातडीखाली लगेच लागतात, फार लवकर व्रण पडतो.

बांधून झालं की घोडीजवळ थांब. पहिल्यांदा बांधलेली असेल तर ती पाय उंच उचलून टाकत चालते, ते काही पावलांत थांबतं. तासाभरानं परत बघ. पाय आपटत असेल, पट्टी चावत असेल, पट्टीच्या वर सूज दिसली, पट्टी भिजली किंवा सरकली, तर वाट न बघता सोड. काही दिसलं नाही तरी १२ तासांनी सोडायची, पाय हातानं चोळायचा, बघायचा, आणि गरज उरली असेल तरच नव्यानं बांधायची. डॉक्टरांनी ड्रेसिंग किती दिवसांनी बदलायचं ते सांगितलं असेल तर त्यांचं ऐक, पण वरच्या-खालच्या काठाशी बोट घालणं रोज दोन वेळा. मी त्या मेंढपाळांना एवढं एक वाक्य सांगितलं असतं तरी भागलं असतं. पहिले आठ दिवस फक्त दिवसा बांध, तासभर ठेव, सोडून बघ. कातडीवर एकही रेघ न उमटता बांधता यायला लागली की मग रात्रीचा विचार.

वरातीचं विचारलंस. नाही. वरातीत पायाला पट्टी नाही, नुसती शोभेची सॅटिनची सुद्धा नाही. पळणाऱ्या घोड्याच्या कंडरेचं आतलं तापमान ४५ अंशांपर्यंत जाऊ शकतं. ती उष्णता निघून जायला उघडी कातडी आणि वारा हवा. आपल्याकडे लग्नतिथी दाट येतात त्या एप्रिल-मेमध्ये, बाहेर ४२ अंश, खाली तापलेलं डांबर, पुढे डीजे, आणि घोडीला नाचवायचं. त्यात पायाला कापड गुंडाळणं म्हणजे उन्हात घोंगडी पांघरणं. दुसरं, नाचताना पट्टी सुटते. सुटलेलं टोक दुसऱ्या खुराखाली आलं तर घोडी तोंडावर पडेल, आणि तिच्या पाठीवर कुणाचा तरी मुलगा बसलेला असेल. नवरीकडचे-नवरदेवाकडचे सजावट मागणारच. ती झुलीवर कर, खोगिरावर कर, कपाळाला कलगी लाव, मानेत माळा घाल. घुंगरांचा पट्टा नाकारता आला नाही तर तो रुंद, आतून मऊ अस्तराचा घे, बोट जाईल इतका सैल, आणि मिरवणूक संपली की तिथल्या तिथे काढ. घरी गेल्यावर काढू म्हणू नकोस. मग पायावर गार पाणी, आणि पाणी पाजून सावली.

टेम्पोत मात्र पट्टीचा उपयोग आहे, कारण तिथे धोका ठोकरीचा. फाळक्यावर चढताना, ब्रेक लागल्यावर पाय सावरताना तिचा एक खूर दुसऱ्या पायावर बसतो. त्यासाठी गादी जरा मोठी घेऊन खुराच्या वरच्या कडेपर्यंत खाली उतरव. पण ज्या घोडीनं घरी कधी पट्टी पाहिली नाही तिला गाडीत पहिल्यांदा बांधशील तर ती लाथा झाडेल आणि पट्टीपेक्षा जास्त नुकसान करून घेईल. सुपारीच्या आधी आठ-दहा दिवस अंगणात सवय कर, बांधून फिरव. हात बसला नसेल तर पट्टीशिवाय ने आणि लक्ष गाडीच्या तळाकडे दे. रबरी चटई, नाही तर ओल्या मातीवर पोती, म्हणजे खूर घसरणार नाही. माझ्या मते पायाला वाचवणारी पहिली गोष्ट तळ हीच आहे. ड्रायव्हरला वळणावर आणि गतिरोधकावर सावकाश घ्यायला सांग, आणि विसार घेतानाच लग्नघरी सांगून ठेव की घोडी वरातीच्या दोन तास आधी पोचेल आणि उतरल्यावर तिला सावलीत उभं राहायला जागा लागेल.

घरच्यांना हे पत्र वाचून दाखव. धंदा जमेल की नाही ते मी इथून सांगू शकत नाही. घोडीचे पाय सकाळी उठून बघणारं माणूस घरात आहे, एवढं मला तुझ्या पत्रावरून दिसलं. वळ पूर्ण गेले, की पंधरा दिवसांनीही बोटाला काही लागतंय, ते कळव. बाजूनं, उजेडात, दोन्ही पायांचा फोटो काढून पाठव.